पडदा पुसणारा माणूस

विमान चार तास उशिरा सुटणार असं कळलं तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते. तो विमानतळ मला फक्त ओलांडायचा होता. तिथे माझं काही काम नव्हतं, कुणी घ्यायला येणार नव्हतं. खुर्च्यांच्या रांगेसमोर भिंतभर उंचीचा एक पडदा होता आणि त्यावर कुठल्यातरी देशाच्या पर्यटनाची जाहिरात फिरून फिरून लागत होती. आवाज बंद. धुक्यातून वर येणारा डोंगर, उंचावरून टिपलेला निळाहिरवा किनारा, पांढऱ्या झग्यातली एक मुलगी कॅमेऱ्याकडे पाठ करून गवतातून चालते आहे आणि तिचा हात तुऱ्यांवरून अलगद फिरतो आहे. मग सुरकुत्या खुलवत हसणारा म्हातारा, बाजारातले रंगीत ढीग, रात्रीच्या आकाशात सोडलेले कागदी दिवे, आणि सूर्यास्त. शेवटी जेमतेम दोन सेकंद देशाचं नाव. ते येण्याआधी मी मनाशी एकापाठोपाठ एक तीन देश धरले होते. तिन्ही चुकले.

दुसऱ्या-तिसऱ्या फेरीच्या वेळी पडदा पुसायला एक माणूस आला. हातात लांब दांड्याला लावलेली रबराची पट्टी, कमरेला फडकं खोचलेलं. वरून खाली एका दमात पाणी ओढायचा, पट्टी फडक्यावर टेकवायचा, की पुढचा पट्टा. डोंगर पुसून झाला, समुद्र पुसून झाला, मुलीची पाठ पुसताना देशाचं नाव उमटलं आणि तो थांबला. माझ्याकडे वळून तुटक इंग्रजीत म्हणाला, "हा माझा देश." मला बरं वाटलं. मी म्हटलं, "फार सुंदर आहे." तोवर पुढची फेरी सुरू झाली होती. त्याने ती पूर्ण पाहिली, पट्टी खांद्याला टेकवून, आणि म्हणाला, "हो. पण यातलं काहीच मी पाहिलेलं नाही." सुरात तक्रार नव्हती. एखाद्याने आपल्याच घराचा पत्ता विचारावा आणि आपल्याला सांगता येऊ नये, तसा थोडा गोंधळलेला चेहरा होता.

ते वाक्य माझ्यामागे लागलं. गरीब माणसाला आपला देश पाहायला मिळत नाही, एवढाच त्याचा अर्थ असता तर वाईट वाटून मी पुढे गेले असते. पण मलाही ओळखता आला नव्हता की तो देश! ज्याचा तिथे जन्म झाला त्याला अनोळखी, आणि जिला तिकडे बोलवायचं तिलाही अनोळखी. मग तो पडदा नेमका कुणाशी बोलत होता?

त्यानंतर अशा जाहिराती मी मुद्दाम बघायला लागले, आवाज बंद करून. करून पाहा, नाव झाकलं तर दहातल्या सात-आठ जाहिराती एकमेकींच्या जागी सहज बसतील. गवतातली ती मुलगी तर मला इतक्या देशांत भेटली की तिची काळजी वाटायला लागली. असं का होतं, हे समजायला फार खोलात जावं लागत नाही. साबण विकणाऱ्याचा साबण त्याच्या हातात असतो. वास बदलता येतो, वडी लहान करता येते. देशाची जाहिरात करणाऱ्याच्या हातात देश नसतो. विमानतळावरची रांग, टॅक्सीवाल्याचा मूड, रस्त्यावरचा कचरा, समुद्राचं पाणी, यातलं काहीही त्याच्या अखत्यारीत येत नाही. उलट त्याच्या डोक्यावर बसलेले मात्र पुष्कळ असतात. प्रत्येक प्रांताला आपला डोंगर हवा असतो, हॉटेलवाल्यांना तलाव हवा असतो, मंत्र्यांना मतदारसंघ, आणि कुणालाही दुखवायचं नसतं. साठ सेकंदांत सगळ्यांना सामावून घेतलं की प्रत्येकाच्या वाट्याला दीड सेकंद येतो. दीड सेकंदात डोंगर फक्त डोंगर दिसतो. तो कुणाचा, त्याच्या पायथ्याशी कोण राहतं, हे सांगायला निदान पाच सेकंद तरी लागतात.

आणि एकदा डोंगर नुसता डोंगर झाला की तो कुणाचाही चालतो. लिथुआनियाच्या पर्यटन खात्याने 'रिअल इज ब्युटिफुल' अशी मोहीम काढली होती, म्हणजे जे खरं तेच सुंदर. २०१७ साली लक्षात आलं की तिच्यासाठी वापरलेल्या काही फोटोंतली जागा फिनलंड आणि स्लोव्हाकियातली आहे. खात्याच्या प्रमुखांना राजीनामा द्यावा लागला, आणि तिथल्या लोकांनी जगातली नामांकित ठिकाणं आपल्याच देशातली म्हणून इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली. २०२३ मध्ये फिलिपिन्सच्या 'लव्ह द फिलिपिन्स' या नव्या घोषवाक्याच्या व्हिडिओत इंडोनेशिया, थायलंड, स्वित्झर्लंड, ब्राझील आणि अमिरातीतली दृश्यं सापडली. जाहिरात संस्थेने माफी मागितली, सरकारने तिचा करार रद्द केला. त्यातली भातखाचरं बालीतली होती, आणि हे मला फार लागलं. कारण फिलिपिन्सच्या उत्तरेला इफुगाओ लोकांनी डोंगर कोरून केलेली भातखाचरं १९९५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत! घरात सोन्याची नथ असताना शेजारणीची मागून आणून फोटो काढावा, तसं झालं हे. त्याच वर्षी इटलीने ९० लाख युरोंच्या मोहिमेत बोत्तिचेल्ली या जुन्या चित्रकाराच्या चित्रातल्या व्हीनस देवीला आजच्या कपड्यांत फिरवलं. त्या व्हिडिओतलं वाइन पिण्याचं दृश्य शेजारच्या स्लोव्हेनियात चित्रित झालेलं निघालं. मोहिमेच्या संकेतस्थळावर जर्मन भाषांतर करताना ब्रिंदिसी या शहराच्या नावाचाही अर्थ लावला गेला, आणि शहराचं नाव झालं 'टोस्ट', म्हणजे पेले उंचावून प्यायच्या आधी करतात ते.

मला त्या संकलन करणाऱ्या मुलामुलींबद्दल कणव वाटते. रात्री अकराला साहेबांचा निरोप येतो की उद्या सकाळी सादर करायचंय, शेती दिसत नाहीये, शेती टाका. आयत्या दृश्यांच्या संग्रहात 'हिरवं, शेत, सकाळ' असं टाकलं की शंभर तुकडे समोर येतात, स्वच्छ, सुरेख, उजेड अगदी हवा तसा. त्यातला एक उचलायचा. घाईत असं कुणाकडूनही होईल. पण या सगळ्या चोऱ्या पकडल्या कुणी, तर बहुतेक वेळा त्या-त्या देशातल्या साध्या माणसांनीच. परदेशी पाहुण्याला कळलंही नसतं. आपल्या भाताचा बांध कसा असतो, हे ज्याच्या पायाला माहीत आहे त्याला ते कळलं.

ज्याच्या नावाने बोलावणं जातं, त्याला ते आधी वाचायला मिळत नाही.

न्यूयॉर्कची गोष्ट मला इथे आठवते. १९७५ साली ते शहर दिवाळखोरीच्या काठावर होतं. नोकरकपातीला विरोध म्हणून पोलिसांच्या आणि अग्निशामक दलाच्या संघटनांनी विमानतळावर उतरणाऱ्यांच्या हातात पत्रकं ठेवली. वर कवटीचं चित्र, खाली 'भीतीच्या शहरात स्वागत', आणि संध्याकाळी सहानंतर पायी फिरू नका, भुयारी रेल्वेत बसू नका असे सल्ले. त्यानंतर दोनच वर्षांत न्यूयॉर्क राज्याच्या पर्यटन मोहिमेसाठी बोधचिन्हं काढणारे चित्रकार मिल्टन ग्लेझर यांनी एका टॅक्सीच्या मागच्या सीटवर लाल खडूने पाकिटावर चार खुणा काढल्या. 'मी', एक लाल बदाम, आणि शहराची दोन अक्षरं. त्या चित्रात एकही इमारत नाही, पूल नाही. ते 'या' असंही म्हणत नाही. 'माझं यावर प्रेम आहे' एवढंच म्हणतं. मला वाटतं, त्याचं सारं बळ त्या 'मी'त आहे. ते वाक्य पाहुण्याच्या छातीवर शोभतं, पण त्याआधी ते तिथल्या माणसाच्या तोंडी शोभतं. भाड्याने, घाणीने, गुन्ह्यांनी पिचलेल्या आणि तरी शहर न सोडणाऱ्या माणसाच्या. २००१ च्या हल्ल्यानंतर ग्लेझर यांनी त्या बदामाच्या कडेला एक काळा डाग काढला आणि पुढे लिहिलं, 'पूर्वीपेक्षा जास्त'.

आणि याच ग्लेझर यांनी २०१६ मध्ये, म्हणजे जवळपास चाळीस वर्षांनी, अमेरिकेतल्याच ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्यासाठी बोधचिन्ह केलं. घोषवाक्य होतं 'कूलर अँड वॉर्मर'. लोकांना त्याचा अर्थच लागेना. भरीला, त्या मोहिमेच्या व्हिडिओत एक मुलगा ज्या काचेच्या इमारतीसमोर स्केटबोर्ड खेळतो ती इमारत आइसलंडची राजधानी रेक्याविकमधली आहे, हे बाहेर आलं. काही दिवसांतच ते वाक्य मागे घ्यावं लागलं, विपणन प्रमुखांना पद सोडावं लागलं. हात तोच, गुणही तेच, पण या वेळी त्या वाक्यात 'मी' म्हणणारं कुणी नव्हतं. हा माझा कयास आहे, पण मला तो पटतो.

लहानपणी एका नातेवाइकांच्या घरी भिंतीवर एक कॅलेंडर होतं. वर्ष उलटून गेलं तरी ते कुणी काढलं नव्हतं, कारण त्यावर एका तळ्याचं चित्र होतं. गडद निळं पाणी, एक रिकामी होडी, डाव्या कोपऱ्यात फुलांनी लगडलेली फांदी. दुपारी सगळे झोपले की मी त्या चित्रासमोर बसायचे आणि होडीत कोण बसलं असेल, आत्ता कुठे गेलं असेल याच्या गोष्टी रचायचे. तो कागद जवळ गेल्यावर बारीक ठिपक्यांचा दिसायचा आणि उन्हाने तापला की त्याला शाईचा गोडसर वास यायचा. पुढे पुष्कळ वर्षांनी मी त्या तळ्यावर खरोखर गेले. चित्र जिथून काढलं होतं त्या जागी आता कठडा होता आणि कठड्याशी रांग. वीस मिनिटांनी माझा नंबर लागला. पाणी निळं होतं, होडी बांधून ठेवलेली होती, सगळं कॅलेंडरशी तंतोतंत जुळत होतं, फक्त ती फुलांची फांदी नव्हती आणि त्या बाजूला झाड उगवण्याजोगी जागाही नव्हती. मागचा माणूस खाकरला, मी बाजूला झाले. जुळलं, आणि तेवढ्यावरच संपलं. मी फसले नव्हते. तरी परतीच्या वाटेवर मला रडू येत होतं आणि ते का, हे बरोबरच्या माणसांना सांगता येत नव्हतं.

त्या फांदीचा उलगडा मला नंतर झाला. जॉन हाइंड नावाच्या छायाचित्रकाराने गेल्या शतकाच्या मध्यावर आयर्लंडची जी चकचकीत रंगीत पोस्टकार्डं काढली, त्यांत पुढच्या बाजूला ऱ्होडोडेन्ड्रॉन या फुलझाडाची झुडपं फार दिसतात. चौकटीत नको ते काही येत असलं की झुडूप तोडून आणून त्याच्या आड उभं करायचं, ही त्याच्या कामाची ठरलेली रीत होती. माझ्या कॅलेंडरवाल्यानेही तेच केलं असणार. मला राग नाही आला. फांदीमागे त्याने काय झाकलं असेल, एखादा खांब, एखादं दुकान, वाळत घातलेले कपडे, तेच मात्र मला आता पाहायचं आहे.

दोष लपवण्याऐवजी त्याला हात घालणाऱ्या मोहिमा म्हणूनच माझ्या जास्त लक्षात राहतात. कोलंबिया म्हटलं की अपहरण आणि अमली पदार्थ हेच लोकांच्या डोळ्यांपुढे यायचं, अशा काळात, २००८ च्या सुमारास, त्यांनी जगाला सांगितलं: धोका एकच, तुम्हाला इथेच राहावंसं वाटेल. ज्या शब्दाला सगळे घाबरत होते तोच उचलून त्यांनी दारावर लावला. २०१० मध्ये आइसलंडचा ज्वालामुखी उसळला, राखेने युरोपभरची विमानं खिळवली, आणि त्या देशाचं नाव जगभर चिडून घेतलं जाऊ लागलं. तेव्हा तिथल्या लोकांनाच विनंती करण्यात आली की बाहेरच्या ओळखीच्या माणसांना तुम्ही लिहा, इथे सगळं ठीक आहे म्हणून सांगा. स्वीडनच्या पर्यटक संघटनेने २०१६ मध्ये तर एक फोन नंबरच जाहीर केला: जगात कुठूनही लावा, कुणीतरी एक स्वीडिश माणूस उचलेल. काय बोलायचं हे त्या माणसाला कुणी पढवलेलं नव्हतं. ७९ दिवसांत दोन लाखांच्या आसपास फोन आले. मी त्यातला एकही लावला नाही याची आजही चुटपुट आहे. स्वयंपाक करता करता कुणीतरी फोन उचलला असता, मागे नळ वाहत असता, आणि 'हॅलो' म्हणण्यातला त्याचा अवघडलेपणा मला ऐकू आला असता.

बोलीचाच प्रश्न ऑस्ट्रेलियाने दोनदा वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवला. १९८४ मध्ये तिथले विनोदी नट पॉल होगन अमेरिकनांना म्हणाले, या, तुमच्यासाठी शेगडीवर एक कोळंबी जास्त टाकतो. सिडनीच्या पुलावर मजुरी केलेला माणूस, बोलण्यात कसली ऐट नाही. कोळंबीला त्यांनी वापरलेला शब्द अमेरिकनांचा होता, ऑस्ट्रेलियात तो फारसा कुणी वापरत नाही. पण आग्रह अस्सल होता आणि तो पोचला. २००६ मध्ये त्याच देशाने सगळी तयारी दाखवून शेवटी एका मुलीच्या तोंडून विचारलं, 'सो व्हेअर द ब्लडी हेल आर यू?' ब्रिटनमध्ये सुरुवातीला टीव्हीवर दाखवायला परवानगीच मिळाली नाही, आणि दोन वर्षांत मोहीम गुंडाळावी लागली. मला त्या लिहिणाऱ्याचा कान चांगला वाटतो. 'मेल्या, होतास कुठे इतके दिवस?' हे मावशीने दारात उभं राहून म्हटलं तर त्याहून गोड काही नाही. तेच अनोळखी माणसाने भर रस्त्यात म्हटलं तर आपण दोन पावलं मागे सरकतो. वाक्याआधी नातं लागतं, आणि जाहिरातीला ते आयतं मिळत नाही.

वेळ तर कुणाच्याच हातात नसते. २०१९ च्या नाताळच्या दिवशी ऑस्ट्रेलियाने ब्रिटिशांसाठी आपल्या कायली मिनोग या गायिकेच्या गाण्याची मोठी जाहिरात सोडली, आणि त्याच दिवसांत तिकडची जंगलं पेटलेली होती. नारिंगी आकाशाच्या बातम्या आणि निळ्या समुद्राचं गाणं एकाच पडद्यावर. जानेवारीत ती थांबवली. बरं केलं.

आपल्याकडे २००२ मध्ये 'इन्क्रेडिबल इंडिया' आलं. त्या वर्षी देशात साधारण २४ लाख परदेशी पाहुणे आले होते, २००७ मध्ये ५० लाखांवर. याचं श्रेय जाहिरातीला किती आणि स्वस्त झालेल्या विमानांना, फिरून रुळावर आलेल्या जगाला किती, हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. साऱ्याच देशांच्या जाहिरातींचा हिशेब असा विरघळलेला असतो. मला जास्त मोलाची वाटते ती पुढची 'अतिथी देवो भव' मोहीम. ती पाहुण्यांसाठी नव्हतीच. ती आपल्यासाठी होती, टॅक्सीवाल्यासाठी, वाटाड्यासाठी, तुमच्या-माझ्यासाठी. बाहेर निमंत्रण गेलंय, आता वागायचं तुम्हाला आहे, हे सरकारने आपल्या माणसांना उघड सांगितलं. न्यूझीलंडमध्ये याच्या उलट दिशेने तेच घडलं. १९९९ पासून ते जगाला 'शंभर टक्के शुद्ध' म्हणून सांगत आले. मग दुधाच्या धंद्याने नद्या गढूळ होऊ लागल्या तेव्हा तिथल्याच शास्त्रज्ञांनी तो आकडा सरकारपुढे धरला. हे वाक्य शब्दशः घ्यायचं नसतं, अशा अर्थाचं उत्तर २०१२ मध्ये पंतप्रधान जॉन की यांनी दिलं. मला ते आवडलं नाही. लोकांनी ते शब्दशः घेतलं, म्हणजे ती जाहिरात त्यांना आपली वाटली होती.

आणि फार यशस्वी झालेल्या जाहिरातींचं काय होतं, तेही पाहायला हवं. आइसलंडला २०१० मध्ये पाच लाखांहून कमी पाहुणे गेले होते, २०१८ मध्ये तेवीस लाख. देशाची लोकसंख्या तेव्हा साधारण साडेतीन लाख. एका गायकाच्या व्हिडिओमुळे गाजलेल्या एका घळीतलं शेवाळ इतकं तुडवलं गेलं की २०१९ मध्ये ती बंद ठेवावी लागली. नेदरलंड्सच्या पर्यटन मंडळाने त्याच वर्षी ठरवलं की आता जास्त माणसं बोलवायची नाहीत, आलेल्यांची व्यवस्था बघायची. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांनी आधी मेंढ्यांच्या पाठीवर कॅमेरे बांधून जगाला आपले रस्ते दाखवले होते. २०१९ मध्ये त्यांनी एका आठवडाअखेरीस प्रेक्षणीय ठिकाणं 'दुरुस्तीसाठी बंद' ठेवली आणि फक्त १०० जणांना बोलावलं, हातात फावडी घेऊन पायवाटा बांधायला. पाहुण्याला घरात कामाला लावणं म्हणजे त्याला घरचं मानणं. त्या १०० जणांचा मला हेवा वाटतो.

त्या रात्री पडदा पुसून झाल्यावर तो माणूस बादलीचं झाकण लावत होता. मी विचारलं, "तुम्ही काय दाखवलं असतं?" तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पाचची बोट." त्यांच्या गावाहून नदीपलीकडच्या शहरात कामाला जाणाऱ्यांची पहाटेची बोट असते. अंधार असतो. सगळे बाकांवर बसल्या बसल्या झोपलेले, एकाचं डोकं दुसऱ्याच्या खांद्यावर, ओळख असो नसो. इंजिन बंद पडलं की त्या शांततेनेच सगळे जागे होतात, आणि कुणी कुणाचं डोकं झटकलेलं नसतं. हे सांगताना त्याने स्वतःची मान थोडी कलती केली होती, खांदा किंचित पुढे, जणू त्यावर आत्ताही कुणी टेकलं आहे.

मग तो पुढच्या पडद्याकडे गेला. माझ्या समोर गवतातली मुलगी पुन्हा चालू लागली. काच आता लख्ख झाली होती.